बांधकाम व्यवसायाचे बाह्य क्लाउड लेखांकन

विकासक किंवा कंत्राटदार हिशेब स्वतःच्या कचेरीत न लिहिता बाहेरच्या लेखासंस्थेकडे सोपवतो आणि दोघेही इंटरनेटवरील एकाच खातेवहीत काम करतात, ती व्यवस्था. बिलांच्या नोंदी, बँकेचा ताळमेळ, जीएसटी व टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) यांची विवरणपत्रे संस्था करते. पैसे देण्याची मंजुरी विकासकाच्याच हाती राहते. भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलेल्या टॅली या लेखांकन प्रणालीलाही बाजारात ‘क्लाउड’ म्हणतात. झोहो बुक्ससारख्या मुळातच ब्राउझरवर चालणाऱ्या प्रणालीपासून ती वेगळी धरणे अधिक काटेकोर ठरेल.

महाराष्ट्रात या सेवेला जोर कशामुळे आला याबद्दल दोन मते आढळतात. काही जण 1 जुलै 2017 रोजी आलेल्या जीएसटीला श्रेय देतात. परंतु जीएसटी सर्वच धंद्यांना लागू झाला. बांधकामाला प्रकल्पनिहाय वह्या ठेवणे भाग पाडले ते 1 मे 2017 पासून पूर्णपणे अमलात आलेल्या रेरा कायद्याने, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने. म्हणून रेराला श्रेय देणारे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

रेरानुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ती फक्त जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी, काम पुढे सरकेल त्या प्रमाणात काढता येते. त्यासाठी वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल अशी तिघांची प्रमाणपत्रे लागतात. महारेराने, म्हणजे महाराष्ट्रातील रेरा प्राधिकरणाने, 1 जुलै 2024 पासून संकलन, स्वतंत्र व व्यवहार अशी तीन खाती ठरवून दिली. वहीत प्रत्येक रेरा नोंदणी क्रमांकाला स्वतंत्र कॉस्ट सेंटर (खर्च वेगळा दाखवणारा गट) हवे. पोडियम, क्लबहाउस, सांडपाणी प्रकल्प यांचा सामाईक खर्च इमारतींत कोणत्या प्रमाणात वाटायचा, हे पहिल्याच महिन्यात लेखी ठरले नाही, तर एका विंगचा खर्च दुसरीच्या प्रमाणपत्रात शिरतो.

सर्वाधिक चुका कंत्राटदाराच्या आरए बिलात (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणाऱ्या ‘रनिंग अकाउंट’ बिलात) होतात. हे बिल एकत्रित असते. त्यात कामाच्या आरंभापासूनची मोजमापे येतात. आजवरचे काम 48,00,000 रुपये आणि मागील बिलापर्यंतचे 36,00,000 असेल, तर नोंद 12,00,000 ची. दूरचा नवखा लेखनिक 48 लाखांचीच नोंद करतो. पुढे 5 टक्के रिटेन्शन (दोष निघाल्यास हाताशी असावी म्हणून राखून ठेवलेली रक्कम) 60,000 आणि मोबिलायझेशन ॲडव्हान्सची (काम सुरू करण्यासाठी दिलेल्या आगाऊ रकमेची) 10 टक्के वसुली 1,20,000. कंत्राटदार कंपनी असेल तर टीडीएस 2 टक्के. ॲडव्हान्स देतानाच त्यावर टीडीएस कापला असेल, तर आता तो 10,80,000 वर, म्हणजे 21,600 येतो. पूर्ण 12 लाखांवर कापल्यास 2,400 रुपये दुबार जातात. जीएसटी बाजूला ठेवता देय रक्कम 9,98,400. रिटेन्शन हे देणेच असते, ‘खर्चात बचत’ नव्हे. दोषदायित्वाचा (कंत्राटदाराने दोष दुरुस्त करून देण्याचा) काळ संपल्याची तारीख नोंदीसोबत नसेल, तर ते वर्षानुवर्षे खात्यात पडून राहते.

ग्राहकाच्या बाजूलाही असाच घोळ होतो. सदनिकेची किंमत 50 लाख किंवा त्याहून अधिक असल्यास ग्राहक 1 टक्का टीडीएस कापून पैसे भरतो. 10,00,000 च्या मागणीवर, जीएसटी सोडून, बँकेत 9,90,000 दिसतात. उरलेले 10,000 थकबाकी समजले गेले, तर पैसे वेळेत भरणाऱ्याच्या दारी व्याजाची नोटीस जाते.

निवासी प्रकल्पांना 1 एप्रिल 2019 पासूनचा जीएसटी दर परवडणाऱ्या घरांसाठी 1 टक्का, इतर घरांसाठी 5 टक्के. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. क्रेडिट नाही म्हणून खरेदीच्या बिलांकडे दुर्लक्ष होते, आणि तेच अंगलट येते: किमान 80 टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून हवी, तूट पडल्यास विकासकानेच उलट आकारणीने (पुरवठादाराऐवजी खरेदीदाराने) कर भरायचा. नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या सिमेंटवर तर 80 टक्क्यांची अट पूर्ण झाली तरी हा कर चुकत नाही. वाळू-विटांची चलाने साइटवरच्या कपाटात पडून राहिली, की हे गणित मार्चअखेरीपर्यंत कुणालाच कळत नाही. आठवड्याला एकदा चलान, मोजमाप पुस्तकाची पाने व हजेरीपट यांचे फोटो वर चढवणे हा निदान कामचलाऊ उपाय.

विकासकाने उत्पन्न केव्हा धरायचे हा जुना वाद आहे. सनदी लेखापाल संस्थेची 2012 ची मार्गदर्शक टिपण्णी पूर्णत्वाच्या टक्केवारीची, म्हणजे काम जितके पुढे सरकले त्या प्रमाणात उत्पन्न धरण्याची, बाजू घेते. मात्र बांधकाम-खर्चाच्या व विक्रीयोग्य क्षेत्राच्या 25 टक्क्यांचे, तसेच करारातील 10 टक्के वसुलीचे उंबरठे घालते. 1 एप्रिल 2018 पासूनच्या इंड एएस 115 या लेखामानकाने प्रश्न ताबा ग्राहकाकडे केव्हा जातो आणि करारात कोणते हक्क आहेत, याकडे नेला. बाह्य संस्थेने हा निर्णय स्वतः न घेता लेखापरीक्षकाकडून लेखी घ्यावा, हे बरे. कंपनी कायद्याच्या कलम 144 नुसार वैधानिक लेखापरीक्षकाला त्याच कंपनीच्या वह्या लिहिता येत नाहीत, त्यामुळे दोघे वेगळे असतातच.

कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून न पुसता येणारा फेरफारांचा माग ठेवणारी प्रणाली अनिवार्य आहे. वह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. भागीदारी संस्थांना हे नियम लागू नाहीत. क्विकबुक्स या ऑनलाइन लेखांकन प्रणालीने 2023 मध्ये भारतातील सेवा थांबवली तेव्हा ग्राहकांना वह्या बाहेर काढून घ्याव्या लागल्या. करारात संपूर्ण विदा (डेटा) परत मिळण्याचे स्वरूप आणि मुदत लिहिण्याची पद्धत त्यामुळेच रास्त ठरते.