आजोळचा वारसा आणि तंबाखूचा धूर : लेबरच्या आजाराची पार्श्वभूमी

थिओडोर लेबर या जर्मन नेत्रवैद्याने १८७१ साली काही कुटुंबांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतल्या धडधाकट तरुण मुलांची दृष्टी ऐन उमेदीत गेली होती. दुखणे नाही, लाली नाही. आधी एका डोळ्यासमोर मधोमध धूसर डाग येई आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दुसऱ्या डोळ्याची तीच गत होई. नातेसंबंध पाहिले तर मामा-भाचे किंवा मावसभाऊ. आज या आजाराला लेबर हेरिडिटरी ऑप्टिक न्यूरोपॅथी, थोडक्यात एलएचओएन म्हणतात. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस त्यात सुकत जाते.

त्याच काळात इंग्लंडमधले डॉक्टर दुसऱ्याच रुग्णांबद्दल लिहीत होते : वर्षानुवर्षे पाइप ओढणारे मध्यमवयीन पुरुष. त्यांचीही मधली नजर मंदावायची, रंग फिके दिसायचे. त्याला तंबाखूने आलेले अंधत्व म्हटले गेले. एक आजार रक्तातला, दुसरा सवयीचा, अशी वाटणी झाली आणि ती शंभराहून अधिक वर्षे टिकली. ही वाटणी रुग्णांना महाग पडली, असे मला वाटते. 'रक्तातले आहे, कोण काय करणार' असे एकाला सांगितले जाई, आणि दुसऱ्याला 'तुझे तूच ओढवून घेतलेस' असे.

वारशाचे कोडेही लवकर सुटले नाही. आजार आईकडून मुलाकडे येतो, पण आजारी बापाची मुले सुटतात, हे कसे? बराच काळ एक्स गुणसूत्रावर बोट ठेवले गेले. इमाई आणि मोरिवाकी या जपानी संशोधकांनी १९३६ मध्येच सुचवले होते की हा दोष पेशीच्या केंद्रकाबाहेरचा असावा. १९६५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये जॉन विल्सन यांनी तंबाखूच्या धुरातल्या सायनाइडकडे लक्ष वेधले : लेबरच्या आजाराच्या रुग्णांचे शरीर ते नीट निकामी करू शकत नसावे. ही उपपत्ती पुढे सिद्ध झाली नाही, तरी वारसा आणि सवय यांना एका प्रश्नात आणल्याचे श्रेय तिला द्यायला हवे. अखेर १९८८ मध्ये अमेरिकेत डग्लस वॉलेस यांच्या गटाने मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये ११७७८ या स्थानावरचा बदल शोधला. पेशीला ऊर्जा पुरवणारे हे घटक फक्त आईकडून येतात.

इथे खरा अवघड प्रश्न उभा राहिला. एका आईची सगळी मुले हा बदल घेऊन जन्मतात. मग दृष्टी एखाद्याचीच का जाते? पुस्तकांतला जुना अंदाज असा, की बदल असलेल्या पुरुषांपैकी साधारण निम्मे आणि स्त्रियांपैकी दहात एक आजारी पडतात. पण आकडे प्रामुख्याने आजारी कुटुंबांतूनच आले, म्हणून ते फुगलेले होते. ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या अभ्यासात ते बरेच खाली आले. म्हणजे बहुतेक वाहकांची, हा बदल घेऊन जन्मलेल्यांची, नजर शाबूत राहते.

उत्तराचा एक धागा पुन्हा तंबाखूकडे गेला. क्यूबामध्ये १९९१ ते १९९३ या टंचाईच्या काळात पन्नास हजारांहून अधिक लोकांना नसांचा आजार झाला, त्यांतल्या अनेकांची नजर मंदावली. ती साथ एलएचओएनची नव्हती. अपुरे अन्न, जीवनसत्त्वांची कमतरता आणि सिगार असा तो मेळ होता. पण डोळ्याचे चित्र इतके मिळतेजुळते होते की तज्ज्ञांनी रुग्णांमध्ये लेबरचे बदलही शोधून पाहिले. ब्राझीलच्या ग्रामीण भागातल्या, सात पिढ्यांच्या एका विशाल कुटुंबाची तपासणी २००१ पासून सुरू झाली, आणि तिथेही धूम्रपान व मद्य हे संशयित ठरले. आधीच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नव्हते. चित्र स्पष्ट केले ते २००९ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात आलेल्या, सव्वाशे कुटुंबांतल्या ४०२ वाहकांच्या अभ्यासाने : दृष्टी जाण्याशी धूम्रपानाचा ठळक संबंध दिसला, मद्याचा कमी, आणि तोही अतिसेवनापुरता. पुढे २०१५ मध्ये पेशींवरच्या प्रयोगांतून दिसले, की मायटोकॉन्ड्रियाची संख्या वाढवून हा दोष भरून काढण्याची पेशीची धडपड सिगारेटच्या धुराने ढासळते.

ही माहिती कुणासाठी आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्याची नजर अजून चांगली आहे अशा भावाला, भाच्याला ती आजच सांगायला हवी. ज्याची गेली त्याला सिगारेटचा हिशेब विचारत बसणे क्रूर आहे. कधीही न ओढलेलेही आजारी पडतात. त्याच्या रोजच्या जगण्याचे मोजमाप तर फार उशिरा झाले. २००९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका वेगळ्या पाहणीत, तोवर अशा रीतीने तपासलेल्या डोळ्यांच्या आजारांत एलएचओएनमुळे रोजची कामे सर्वांत जास्त अडतात, असे आढळले. वाचन, चेहरे ओळखणे, वाहन चालवणे हे सगळे तरुण वयात एकदम हातून जाते. आणि घरात आई स्वतःला दोष देत राहते. तिने हा बदल निवडलेला नसतो, तिलाही तो तिच्या आईकडूनच आलेला असतो, हे तिला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगावे.

आपल्याकडे आणखी एक धोका ध्यानात ठेवावा लागतो. क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारात एथॅम्ब्युटॉल असते, आणि ते डोळ्याच्या याच नसेला इजा करू शकते. आजोळच्या बाजूला कुणाची नजर अशी तरुणपणी गेली असेल, तर गोळ्या सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगावे, म्हणजे पर्यायी औषधाचा विचार करता येतो. गोळ्या चालू असताना रंग फिके दिसू लागले किंवा मधली अक्षरे पुसट झाली, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. क्षयाचे औषध मनाने बंद करू नये.