हवामान बदल आणि घराबाहेरील विरंगुळा (मराठवाडा)

मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांत लोक मोकळ्या हवेत जो विरंगुळा शोधतात, तो प्रामुख्याने पीकपाण्याच्या आणि ऋतूंच्या वेळापत्रकाशी बांधलेला आहे. चैत्रातल्या यात्रा व कुस्त्यांचे फड, उन्हाळी सुट्टीतले विहिरीतले पोहणे, श्रावणातले धबधबे व गडकिल्ले, मार्गशीर्ष-पौषातला हुरडा आणि पैठणच्या नाथसागर जलाशयावरचे पक्षिनिरीक्षण ही त्याची ठळक रूपे होत. हवामान बदलामुळे ही रूपे एकाएकी नाहीशी होतील असे नाही. मात्र ज्या दिवसांवर ती विसंबून आहेत, त्या दिवसांचाच भरवसा कमी होण्याची शक्यता आहे.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या प्रदेशात वर्षाला सरासरी सातशे ते आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणून पावसात मोठे खंड पडणे आणि नंतर थोड्या तासांत धो-धो कोसळणे या दोन्ही गोष्टी एकाच हंगामात घडू शकतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तर सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड आणि लातूर जिल्ह्यांतील गावे व शेते पुराखाली गेली.

सर्वांत थेट परिणाम उन्हाळ्यावर होतो. परभणी-नांदेड पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असणे नवे नाही, पण उष्णतेच्या लाटा अधिक लांबल्या तर भर दुपारचा वेळ घराबाहेरील कोणत्याही कामासाठी धोक्याचा ठरेल. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते आणि लाखो भाविक उन्हातान्हात चुनखडीचे खडे वेचतात. तिथी बदलता येत नाही. बदलता येते ती वेळ, सावली आणि पाण्याची सोय. कुस्त्यांचे फड मात्र रात्रीच्या दिव्यांखाली भरवणे तुलनेने सोपे आहे.

विहिरीतल्या पोहण्याचा उल्लेख पर्यटनाच्या आराखड्यांत क्वचितच होतो, म्हणून तो येथे मुद्दाम केला पाहिजे. पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून, काठावर उभ्या असलेल्या चुलत्याच्या किंवा मामाच्या भरवशावर पहिली उडी मारायची, ही ग्रामीण मुलांची पोहण्याची शाळा. तिच्यासाठी एप्रिल-मे महिन्यांत विहिरीला पुरुष-दोन पुरुष पाणी असावे लागते. दुष्काळी वर्षांत आणि बोअरवेलच्या बेसुमार उपशाने विहिरी फाल्गुनातच तळ गाठतात, त्यामुळे त्या वयाच्या मुलांचे पोहणे शिकायचे राहून जाते. हीच मुले पुढे शेततळ्यात उतरतात. शेततळ्याच्या उतारांवर अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला व शेवाळलेला असला की त्यावर पाय ठरत नाही, आणि पोहता येणाऱ्यालाही बाहेर पडणे जमत नाही. उतारावर सोडलेला दोरखंड किंवा त्याला बांधलेले जुने टायर एवढा साधा उपायही जीव वाचवू शकतो.

पावसाळी भटकंतीत अडचण निराळी आहे. पाटोदा तालुक्यातील सौताड्याचा धबधबा, नळदुर्ग किल्ल्यातील नर-मादी धबधबे, पैनगंगेवरील सहस्रकुंड आणि वेरूळच्या लेण्यांवरून कोसळणारे पाणी पाहण्याचा हंगाम पावसाच्या सलगतेवर ठरतो. पाऊस मोजक्या दिवसांत उरकला तर हा हंगाम आखडतो, आणि पाणी जेव्हा सर्वाधिक प्रेक्षणीय असते तेव्हाच ते सर्वाधिक धोक्याचे असते. बेसॉल्टच्या (काळ्या कातळाच्या) उघड्या डोंगरांवर मातीचा थर पातळ असल्याने पाणी मुरत नाही. माथ्यावर सर झाली की खाली, कोरड्या हवेत उभ्या असलेल्यांपर्यंत लोंढा अचानक येतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळून राष्ट्रीय महामार्ग बंद पडला होता. गौताळा अभयारण्याकडे जाणाऱ्यांनाही हाच घाट ओळखीचा आहे.

हिवाळा हा मराठवाड्याचा खरा सहलीचा काळ. लातूर-धाराशिव भागात वेळ अमावस्येला (येळवस) शहरे ओस पडतात आणि घरेच्या घरे शेतात जातात. कडब्याची खोप उभारून पांडवांची पूजा होते, त्यानंतर भज्जी (ओल्या दाण्यांची मिश्र भाजी), आंबील, बाजरीचे उंडे आणि खीर असे वनभोजन होते. भज्जीत पडणारे तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे त्या आठवड्यात रानात तयार असावे लागतात. रब्बीची ओल नसली तर जेवण बाजारातून आणलेल्या शेंगांवर भागवावे लागते. अवकाळी पाऊस झाला तर ज्वारी आडवी पडते आणि कणसातला दाणा काळा पडतो. हुरड्यालाही हेच लागू आहे, कारण दाणा दुधाळ व कोवळा राहण्याचे दिवस मुळातच थोडे असतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने दाखवून दिले की सुगीचे दिवसही सुरक्षित धरता येत नाहीत. ज्वारीचा पेरा घटण्यामागे सोयाबीनचा आणि बाजारभावाचाही वाटा आहे. सगळा दोष हवामानावर टाकणे योग्य होणार नाही.

पैठणजवळील जायकवाडी जलाशय (नाथसागर) १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. रोहित, चक्रवाक, पट्टकादंब यांसारख्या पाहुण्या पक्ष्यांना उथळ पाणी व चिखलाचे काठ लागतात. धरण हिवाळाभर तुडुंब राहिले तर काठ उघडे पडत नाहीत. २०१६ प्रमाणे पाणी मृतसाठ्याखाली (धरणातून सोडता न येणाऱ्या तळच्या साठ्याखाली) गेले तर खाद्यच आटते.

जुळवून घेण्याचे उपाय बहुतेक स्थानिक आहेत. दौलताबादची चढण सूर्योदयालाच सुरू करणे, वीज पडण्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर ठेवणे आणि धबधब्यांच्या वरच्या अंगाला राखणदार नेमणे हे लगेच करता येण्याजोगे आहे. सावलीला मात्र वेळ लागतो. रस्ता रुंदीकरणात अनेक ठिकाणचे जुने वड गेले आहेत, आणि आज लावलेला वड पायी चालणाऱ्या यात्रेकरूला सावली देण्याइतका होईपर्यंत दहा-पंधरा चैत्र सरलेले असतील.