वाळवीचा सैनिक आणि मुंगीचा सैनिक

दाराच्या चौकटीवर चढलेली वाळवीची मातीची नळी नखाने खरवडली, की भगदाडाशी पिवळसर-तपकिरी डोक्याचे सैनिक येऊन उभे राहतात आणि त्यांच्या मागे फिकट कामकरी लाळेत कालवलेल्या मातीने ते बुजवू लागतात. या किड्याला आपण ‘पांढरी मुंगी’ म्हणतो आणि त्याच्या वारुळाचे श्रेयही मुंग्यांना देऊन टाकतो. साहजिकच दोघींच्या सैनिकांचीही गल्लत होते. प्रत्यक्षात वाळवी झुरळांच्या कुळातली, तर मुंगी गांधीलमाश्यांच्या, आणि सैनिक दोघींकडे स्वतंत्रपणे घडले.

वाळवीच्या सैनिकाचे चिलखत डोक्यापुरतेच असते. डोके टणक, जबडे कात्रीसारखे, पण मागचे धड इतके मऊ, की मुंगीने तिथे धरले तर तो संपलाच. हे जबडे लाकूड चावण्याच्या कामाचे नसल्यामुळे कामकऱ्यांनी भरवले तरच तो जगतो, आणि बहुतेक जातींत तो आंधळाही असतो. काही जातींत तर जबडे नावापुरतेच उरून डोक्याला सोंडेसारखे टोक आलेले असते, ज्यातून तो शत्रूवर चिकट द्रव फवारतो. धोका जाणवला की अनेक जातींचे सैनिक डोके आपटून धोक्याचा इशाराही देतात.

मुंगीचे कवच मात्र सर्वांगाला असते. तिच्या बाबतीत ‘सैनिक’ हा शब्द मला थोडा फसवा वाटतो, कारण ती मोठ्या डोक्याची कामकरीच असते आणि पुष्कळ जातींत असा वेगळा वर्गच नसतो. फाइडोल वंशातल्या सैनिकांचे अवाढव्य डोके जबड्याच्या स्नायूंनी भरलेले असते, आणि त्या लढतात तशाच कठीण बियाही फोडतात. कोलोबॉप्सिस वंशातल्या काही मुंग्या तर चपट्या डोक्याने घरट्याचे दार बंद करून बसतात.

मुंगीची सैनिक नेहमी मादीच असते आणि तिचे रूप अळीच्या अवस्थेतच ठरते. वाळवीत मात्र नर आणि मादी दोन्ही सैनिक होऊ शकतात, तेही कात टाकत टाकत.

राणीवरची निष्ठा ही आपली कल्पना आहे, कारण दोन्ही वसाहतींत राणी हुकूम सोडत नाही. गंध, कंप आणि शेजारणीने नुकतेच केलेले काम एवढ्यावरच सारे चालते. केलेल्या कामानेच पुढचे काम सुचवण्याच्या या रीतीला ग्रासे या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने 1959 साली वाळवीच्या अभ्यासातून ‘स्टिग्मर्जी’ हे नाव दिले. म्हणूनच भगदाड बुजवताना बाहेर कोण राहिले याची कामकरी वाट पाहत नाहीत, आणि काही वेळा सैनिक बाहेरच अडकतात.