डोमेन नोंदणीतील माहिती

डोमेन नोंदणीतील माहिती : इंटरनेटवरचे एखादे डोमेन नाव कोणी, कोणत्या रजिस्ट्रारमार्फत (डोमेन नावे नोंदवून देणारी कंपनी) आणि कधी घेतले, त्याची मुदत कधी संपते आणि ते कोणत्या नेमसर्व्हरवर (त्या नावाचे ठिकाण सांगणारे यंत्र) चालते, याची नोंद. ही नोंद पाहण्याची जुनी व्यवस्था ‘हूइज’ या नावाने ओळखली जाते. नोंदीत काय असावे आणि त्यातले कोणाला दिसावे, हा इंटरनेटच्या कारभारातला फार लांबलेला वाद आहे.

हूइजची पद्धत १९८२ मध्ये ठरली. तेव्हा जाळे लहान होते. यंत्र बिघडले तर फोन कोणाला करायचा एवढ्यासाठी नाव, पत्ता, फोन, ईमेल पुरे. डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहण्यासाठी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयकॅन’ या संस्थेने पुढे रजिस्ट्रारांशी करार केले, तरी यादी जवळपास तीच राहिली : धारक, प्रशासकीय संपर्क, तांत्रिक संपर्क, आणि सगळे उघड. व्यापारचिन्हांचे वकील, पोलीस आणि सुरक्षा-संशोधक यांना ती सोयीची पडली; नको ते ईमेल पाठवणाऱ्यांनाही. धारकाचा पूर्ण पत्ता झाकून कामकाजापुरता एकच संपर्क दाखवावा, हा प्रस्ताव २००७ मध्ये बारगळला.

गोव्यात या वादाची झळ होमस्टे चालवणाऱ्या घरांना कळते. पेडणे किंवा सत्तरीतल्या घरात दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या बाईचा धंद्याचा पत्ता म्हणजे राहता पत्ताच. १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली ती तो सरकारला देते, ते रास्त आहे. पण संकेतस्थळासाठी डोमेन घेतले म्हणून तिचा मोबाइल नंबर जगभर का दिसावा? गोव्यातला जमिनीचा एक-चौदाचा उतारा कोणालाही पाहता येतो, कारण जमीन घेणाऱ्याला कब्जेदार आणि कूळ कोण हे कळायला हवे; तरी त्या उताऱ्यावर कोणाचा फोन छापलेला नसतो. दुसरी बाजूही खोटी नाही. नसलेल्या व्हिलाचे फोटो लावून आगाऊ पैसे उकळणारी बनावट संकेतस्थळे गोव्याला नवी नाहीत, आणि तपास करणाऱ्याला धारकापर्यंत पोचायला वाट लागते. मात्र असा ठक खरा पत्ता भरतो थोडाच! उघड्या यादीत प्रामाणिक माणूसच जास्त सापडतो.

घेणे आणि दाखवणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, हे मान्य व्हायला युरोपचा विदा-संरक्षण कायदा लागला. तो २५ मे २०१८ पासून लागू झाला. आठवडाभर आधी आयकॅनने तात्पुरता नियम काढून व्यक्तींचे बहुतेक तपशील झाकायला मुभा दिली. त्यानंतर ‘हा रकाना कशासाठी?’ हा प्रश्न एकेका रकान्याला विचारला गेला. २१ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या धोरणात प्रशासकीय संपर्क गळाला आणि तांत्रिक संपर्क ऐच्छिक झाला. धारकाचे नाव, पत्ता, फोन आणि ईमेल घ्यायचेच असतात. झाकलेली माहिती हवी असल्यास कारण देऊन मागावी लागते. त्यासाठी नोव्हेंबर २०२३ पासून एक सामायिक अर्जखिडकीही आहे, पण द्यायचे की नाही हे रजिस्ट्रारच ठरवतो. पोलिसांची तक्रार आहे ती यात होणाऱ्या विलंबाची.

हे सारे ‘.कॉम’सारख्या सर्वसाधारण नावांपुरते. भारताच्या ‘.इन’चे नियम ‘निक्सी’ ही भारतीय संस्था ठरवते, आणि तिथे दुसऱ्याच्या नावाआड डोमेन ठेवण्याची सेवा चालत नाही. मराठी आणि कोंकणीसह देवनागरी लिपीतल्या भाषांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेले ‘.भारत’ही निक्सीकडेच आहे.

जुन्या हूइजमध्ये मजकूर कोणत्या लिपीत आहे हे सांगायची सोयच नव्हती, म्हणून पत्ते रोमीत भरले जात आणि पणजी, म्हापसा यांची दोन-दोन रूपे नोंदींत सापडत. २८ जानेवारी २०२५ पासून सर्वसाधारण डोमेनांना हूइज चालवण्याची सक्ती उरली नाही. तिच्या जागी आलेल्या ‘आरडॅप’ पद्धतीत देवनागरी पत्ता जसाच्या तसा ठेवता येतो, आणि विचारणारा कोण आहे ते पाहून कमी-अधिक रकाने उघडता येतात.