विचारू नका, सांगू नका

अमेरिकेच्या सशस्त्र दलांतील समलिंगी व उभयलैंगिक व्यक्तींविषयीचे 1993 ते 2011 मधील धोरण. इंग्रजीत ‘डोन्ट आस्क, डोन्ट टेल’. आपला कल झाकून ठेवणाऱ्याला सेवेत राहू द्यायचे, उघड करणाऱ्याला काढायचे, असा हा तोडगा होता. शब्दप्रयोगाचे श्रेय सामान्यतः समाजशास्त्रज्ञ चार्ल्स मॉस्कॉस यांना देतात.

मुळातली बंदी किती जुनी, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक ती मार्च 1778 पर्यंत मागे नेतात. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात व्हॅली फोर्जच्या छावणीत लेफ्टनंट एन्स्लिन याला समलिंगी संभोगाचा प्रयत्न व खोटी शपथ या आरोपांवरून बडतर्फ केले होते. मात्र ही एका कृत्याची शिक्षा होती. 1920 च्या युद्धसंहितेतही गुन्हा ठरले ते कृत्यच. भरतीच्या वेळी मानसिक तपासणी करून व्यक्तीलाच अपात्र ठरवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात रुजली. त्यामुळे बंदीचा आरंभ तिथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. समलैंगिकता सैन्यसेवेशी विसंगत असल्याचे संरक्षण खात्याने 1982 च्या निर्देशात स्पष्टच लिहिले.

तोवर ही बंदी खात्याच्या आदेशांवर चालत होती आणि आदेश आदेशाने बदलता येतो. सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी 1948 मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या कायदेमंडळाला, न विचारता काढला होता. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी बंदी उठवण्याचे ठरवताच 1993 च्या संरक्षण कायद्यात तिलाच कलम म्हणून घालण्यात आले आणि ती वाट बंद झाली. आता कायदेमंडळाचे मन वळवण्यावाचून उपाय उरला नाही.

कलमात काढून टाकण्याची तीन कारणे होती : समलिंगी कृत्य किंवा त्याचा प्रयत्न, ‘मी समलिंगी आहे’ असे विधान, समलिंगी विवाह किंवा त्याचा प्रयत्न. खरी मेख दुसऱ्यात होती. विधान केले की कृत्याकडे ओढा आहे असे गृहीत धरले जाई आणि तो नाही हे सैनिकानेच सिद्ध करायचे. साहजिकच खासदारांपुढे उघडपणे बोलणारे बहुतेक निवृत्त किंवा काढलेले सैनिक होते. ज्यांना झळ लागत होती त्यांना नाव सांगण्याची सोय नव्हती. सुमारे 13 हजार जणांना काढण्यात आले. 2004 ते 2009 या आर्थिक वर्षांतील 3,664 जणांच्या जागी नवे घेण्याचा व प्रशासकीय खर्च सरकारी लेखापरीक्षकांनी 19.33 कोटी डॉलर काढला. नैतिक युक्तिवादाला न बधणाऱ्या खासदारांपुढे असले आकडे मांडता येत.

रद्द करण्याची विधेयके 2005 पासून येत होती. 2010 मध्ये प्रतिनिधिगृहाने (कायदेमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाने) तशी दुरुस्ती संरक्षण विधेयकाला जोडली. सिनेट या वरिष्ठ सभागृहात चर्चा थांबवून विधेयक मताला घ्यायला 60 मते लागतात, ती दोनदा जमली नाहीत (21 सप्टेंबरला 56, 9 डिसेंबरला 57). मग सिनेटर लिबरमन व कॉलिन्स यांनी विषय संरक्षण विधेयकातून बाहेर काढून वेगळा मांडला. प्रतिनिधिगृहाने लघुउद्योगांविषयीच्या एका जुन्या विधेयकाचा मजकूर काढून त्यात हा घातला व 250 विरुद्ध 175 मतांनी संमत केला. सिनेटमध्ये 18 डिसेंबरला 65 विरुद्ध 31. चारच दिवसांनी ओबामांची सही झाली, पण बंदी लगेच उठली नाही : सैन्याच्या सज्जतेला बाध येत नसल्याचे प्रमाणपत्र राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री व संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष यांनी द्यायचे आणि त्यानंतर 60 दिवस थांबायचे होते. ती मुदत 20 सप्टेंबर 2011 रोजी संपली.

काढलेल्यांना सेवामुक्तीच्या दाखल्यावरील कारण बदलून घेता येते. निव्वळ या धोरणामुळे किंवा त्याआधीच्या बंदीमुळे काढले असेल आणि जोडीला दुसरे गैरवर्तन नसेल, तर अर्ज सहसा मान्य करावा असा 2011 चा निर्देश आहे. 15 वर्षांच्या आत पुनर्विलोकन मंडळाकडे, त्यानंतर अभिलेख-दुरुस्ती मंडळाकडे जावे लागते. जुन्या सैनिकांची अडचण वेगळीच : 1912 ते 1960 दरम्यान भूदलातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे 80 टक्के फायली सेंट लुइसच्या अभिलेखागाराला 1973 मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाल्या.