डिस्क वाकली, की डिस्कवर थर बसला?

शुक्रवारी गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांना ब्रेकच्या नव्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) आणि त्यांना दाबून धरणारे नवे पॅड टाकले आणि रविवारी घरच्यांना घेऊन सिंहगडावर गेलो. उतरताना घाटात गाड्यांची रांग लागली होती. चार फूट पुढं सरकायचं आणि ब्रेक दाबून उभं राहायचं, असं बराच वेळ चाललं. त्याच आठवड्यात महामार्गावर ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला, तर स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. गॅरेजमध्ये चाकसुद्धा न काढता सांगितलं गेलं, "डिस्क बेंड झालीय. लेथवर मारून घेऊ." म्हणजे यंत्रावर फिरवत तिचा पृष्ठभाग तासून सपाट करायचा.

ही थरथर दोन वेगळ्या कारणांनी येते आणि हाताला दोन्ही सारखीच लागते.

एक म्हणजे डिस्क खरोखर वाकडी फिरणं. डिस्क बिडाची (कास्ट आयर्नची) असते आणि रोजच्या वापरातल्या उष्णतेनं बीड सहसा वाकत नाही. डिस्क वाकडी फिरते ती बहुतेक वेळा वाकडी बसल्यामुळं. हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर, गंजाचा खपला राहिला, किंवा एअर गननं चाकाचे नट कमीजास्त आवळले गेले, की चांगली डिस्कही फिरताना डुलते. अनेक गाड्यांत हे डुलणं ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असलं तरच चालतं. म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. गंमत अशी की याची थरथर पहिल्या दिवशी येत नाही. ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कची तीच बाजू दर फेऱ्याला पॅडला चाटून जाते, हळूहळू तिथंच झिजते, आणि काही हजार किलोमीटरनंतर जाडीतला फरक पेडलला जाणवू लागतो.

दुसरं कारण थराचं. पॅड डिस्कला नुसता घासत नाही. तापल्यावर पॅडमधला माल डिस्कच्या पृष्ठभागावर अगदी पातळ उतरतो आणि नंतर पॅड मुख्यतः त्या थरावरच पकड घेतो. नवीन डिस्कवर हा थर नसतो. तो सगळीकडे सारखा चढवणं म्हणजेच ब्रेक बेड करणं. माझ्या डिस्कवर तो चढण्याआधीच पॅड तापले आणि तापलेल्या अवस्थेत एकाच जागी दाबून धरले गेले. तिथं मालाचा ठसा उमटला. एवढ्याशा डागानं काय होणार, असं वाटेल. पण जाडीत १५-२० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) फरक पडला तरी स्टिअरिंग हलतं. असा डाग तसाच ठेवून जोरात ब्रेक मारत राहिलं तर तिथलं बीड जास्त तापतं आणि त्यात कडक, निळसर ठिपके तयार होतात. ते झिजत नाहीत. मग डिस्क बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

भोसरीत मशीन शॉप चालवणाऱ्या मित्रानं माझ्या गाडीला डायल, म्हणजे डिस्कचं डुलणं मोजायचं काटेवालं मोजमाप, लावला. डुलणं मर्यादेत होतं. मग मायक्रोमीटरनं डिस्कच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत, गोलाकार आठ ठिकाणी जाडी मोजली. दोन ठिकाणी ती जास्त भरली, आणि तिथंच पॅडच्या आकाराचे काळपट डाग होते. डिस्क वाकलेली नव्हती.

लेथवर मारली असती तर थरथर थांबली असती, हे मात्र खरं. डागही खरवडून गेला असता. "डिस्क वाकली होती" ही समजूत टिकून राहते ती यामुळंच. पण त्यात डिस्कची जाडी कमी होते. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती बघितल्याशिवाय लेथचं नाव काढू नये. आणि नंतर बेडिंग केलं नाही, तर डाग पुन्हा येतोच.

बेडिंगची पद्धत पॅडच्या खोक्यावर दिलेली असेल तर तीच पाळावी. नसेल तर मी करतो ती अशी. बसवताना हब पॉलिश पेपरनं घासून घ्यायला सांगायचं, डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरनं पुसून घ्यायचं, नट समोरासमोरच्या क्रमानं टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळायचे. मग पहाटे दिवे घाट चढून सासवडच्या पुढं रिकामा सरळ पट्टा गाठायचा. चढावर ब्रेक लागतच नाही, त्यामुळं डिस्क थंड राहतात. मागे कुणी नाही हे बघून ताशी साठवरून दहा-पंधरापर्यंत मध्यम, एकसारखा ब्रेक. पूर्ण थांबायचं नाही आणि एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू होईल इतका जोर लावायचा नाही. पुन्हा वेग घ्यायचा, थोडं अंतर जाऊ द्यायचं, आणि हेच आठ-दहा वेळा. थोडा वास येतो, ते साहजिक आहे. शेवटी दहा-पंधरा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवत डिस्क गार करायच्या. परतताना घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा.

पहिले काही दिवस घाटातली गर्दी टाळावी. ब्रेक तापलेले असताना थांबावंच लागलं, तर सपाट जागी पेडल सोडून हँडब्रेक ओढावा. आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतात, हँडब्रेक तिथं लागतो आणि पुढच्या डिस्क मोकळ्या राहतात. घाट उतरून थेट वॉशिंग सेंटरलाही जाऊ नये. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर तडे जाऊ शकतात. पावसाळ्यात एका रात्रीत चढणारा तांबूस गंज मात्र पहिल्या चार-पाच ब्रेकमध्येच निघून जातो, त्याची काळजी नको.

माझ्या डिस्कवर निळे ठिपके पडलेले नव्हते. डाग पॉलिश पेपरनं घासून काढले, क्लीनरनं पुसलं आणि सासवडच्या त्या पट्ट्यावर जाऊन बेडिंग नव्यानं केलं. परतताना थरथर जेमतेम जाणवत होती. आठवडाभरात तीही गेली.