नोंदणी, पाकीट आणि पटकथेचा हक्क : पार्श्वभूमी

पटकथा संपली की एक प्रत पाकिटात घाल, लाख लाव, स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाठव आणि न फोडता कपाटात ठेव. अहिराणी सिनेमा किंवा वेब मालिका लिहू लागलेल्या जळगाव-धुळ्याच्या पोरांना हा सल्ला अजून मिळतो. नोंद नाही तर हक्क (कॉपीराइट) नाही, ही भीती त्यामागे आहे.

एकेकाळी ती खरी होती. कंपनी सरकारच्या १८४७च्या कॉपीराइट कायद्यात नोंदवहीत नाव चढल्याशिवाय दावाच लावता येत नसे. १९१४च्या कायद्यात ती अट उरली नाही. १९५७च्या कायद्याने नोंदणी पुन्हा आणली, पण ऐच्छिक. हक्क लिहिताक्षणीच तयार होतो. नोंदवहीतला उतारा कलम ४८ नुसार प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. पाकिटाला तसं बळ नाही. पोस्टाचा शिक्का तारीख सांगतो, आतला मजकूर नाही. उघडं पाकीट पाठवून नंतर हवं ते भरता येतं.

कॉपीराइट कार्यालयाकडे नोंदणीचा अर्ज आता ऑनलाइन होतो : नमुना १४, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. डायरी नंबर (अर्जाचा क्रमांक) मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, मग छाननी. इथे एक चूक फार होते. पहिला खर्डा नोंदवतात, पुढे उत्तरार्ध सगळा बदलतात. प्रमाणपत्र मात्र दिलेल्या खर्ड्यापुरतंच बोलतं. मुंबईच्या पटकथा लेखक संघटनेत सदस्यांना प्रत्येक नवा खर्डा नोंदवता येतो, तो मार्ग त्यासाठी सोयीचा.

पण खरी गळती नॅरेशनच्या, म्हणजे निर्माता-दिग्दर्शकाला गोष्ट वाचून दाखवण्याच्या बैठकीत होते. १९७८मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर हेच होतं. नाटककाराने दिग्दर्शकाला नाटक वाचून दाखवलं होतं, पुढे त्याच विषयावर, प्रांतवादावर, चित्रपट आला, तरी नाटककार हरला. कल्पनेवर, विषयावर हक्क नसतो, मांडणीवर असतो. कानबाईच्या रोटांना (देवीच्या सणातल्या जेवणाला) भावकी जमते आणि जुनं भांडण वर येतं, ही कल्पना साऱ्या खान्देशाची. कोण आधी ताटावरून उठतो, थोरली जाऊ कोणत्या वाक्यावर रडते, हा क्रम आणि ते संवाद तुमचे. म्हणून दोन ओळींची कल्पना नोंदवून भागत नाही, दृश्यवार पटकथाच हवी.

२००३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुसरी वाट पक्की केली : वाहिनीला विश्वासाने दिलेली, पुरेशी फुलवलेली संकल्पना तिने परस्पर वापरली, तर विश्वासभंगासाठीही न्यायालयाचा मनाई हुकूम मिळतो. त्यासाठी ती कोणाला, कधी दिली हे दिसलं पाहिजे. नॅरेशन झालं की त्याच दिवशी मेल करा : तारीख, हजर माणसं, खर्ड्याचा क्रमांक, सोबत पीडीएफ. ‘वाचून दाखवलं’ एवढ्यावर थांबू नका.

चोरी झालीच, तर मुंबई गाठलीच पाहिजे असं नाही. कलम ६२ नुसार लेखक राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. नंदुरबारच्या लेखकाला नंदुरबारमध्ये.